वल्हं देणारा अडकतो

४ मार्च

प्रिय वहिनी,

फोनवर "खेळाबद्दल एक अक्षर बोलू नकोस, आमचे फोन, मेल, मेसेज सगळं तपासतात" म्हणालीस, म्हणून कागद घेतला. तुमच्या कंपनीच्या नियमांत कागदाचं नाव नाही ना? मग झालं तर.

वहिनीसाहेब, तुमच्या परवाच्या पॅचने, म्हणजे खेळातल्या त्या नव्या दुरुस्तीने, माझा घात केला आहे. तू चाचणी विभागात बसून दिवसभर 'सातगाव' तपासतेस, पण घरी येऊन कधी खेळत नाहीस. तेव्हा पहिल्यापासून सांगते. पहिल्या गावातून दुसऱ्या गावात जायला नदी आहे. प्रत्येकाला सुरुवातीलाच एक वल्हं मिळतं, पण ते चालवायचं कसं हे कुणी शिकवत नाही, आणि निम्मे नवखे बुडून खेळ सोडून जातात. मी त्यांना माझ्या नावेतून पलीकडे सोडते. त्याचे गुण मिळत नाहीत, बक्षीस तर नाहीच. काठ जवळ आला की मी माझं वल्हं नवख्याच्या हातात देते आणि शेवटचे चार हात त्यालाच मारू देते. उतरायच्या आधी तो ते परत देतो. ही माझी रीत आहे. अख्खं सातगाव मला नावाडीण म्हणतं.

पॅच आला त्या दिवशी एका नवख्याला वल्हं दिलं. तो आनंदाने उडी मारून वल्ह्यासकट पळाला. असे पळतात, त्याचं काही नाही. पण मला उठताच येईना! फळीला चिकटल्यासारखी बसून राहिले, नाव वाहत वाहत नदीच्या मधोमध आली. दुसऱ्या दिवशी माझी खेळातली मैत्रीण आली. ती नर्स आहे, आम्ही तिला इंजेक्शन म्हणतो. तिने आपलं वल्हं मला दिलं आणि मी टुणकन उठले. पण आता तीच उठेना. मी वल्हं तिला परत दिलं, ती सुटली आणि मी पुन्हा चिकटले. म्हणजे देणारा अडकतो आणि घेणारा सुटतो. करायला गेले गणपती, झाला मारुती.

तेवढं दुरुस्त करून टाक. दादाला सांग, त्याच्या बहिणीला तुझ्या कंपनीने नदीत बसवून ठेवलं आहे.

तुझी,
नणंद

---

११ मार्च

प्रिय नणंदबाई,

नियम पुन्हा वाचून काढले. कागदाचं नाव नाही. जेवणाच्या सुट्टीत, जिन्यात बसून लिहिते आहे.

तुझं म्हणणं खरं आहे, मी इथे करून पाहिलं. नावा फार थरथरतात, पाहणाऱ्याला मळमळतं, अशा तक्रारी होत्या. ती थरथर थांबवायला आमच्या लोकांनी बसलेल्या माणसाचे हात वल्ह्याशी बांधून टाकले. आता वल्हं हातातून गेलं तरी खेळाला वाटतं हात गुंतलेलेच आहेत, मग उठू कसं द्यायचं? आम्हाला सांगितलं होतं ते एवढंच की नावा हलतात का बघा. नावा हलत नव्हत्या. आपलं वल्हं कुणी दुसऱ्याला देईल हे तपासायच्या यादीत नव्हतंच. कुणाच्या डोक्यातच आलं नाही गं.

कंपनीने उपाय ठरवला आहे, तो उद्या सगळ्यांना कळवतील. अडकलेल्याने एखाद्या नवख्याकडून वल्हं मागून घ्यावं. नवखा अडकेल, पण त्याचं पात्र कालचंच असतं, तो दुसरं काढेल. तुझं काम होईल. घेऊन टाक.

दादाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "एवढं काय त्यात? नवीन पात्र काढायचं, नव्याने सुरुवात करायची." डोळ्यांची काळजी घे, त्या दातांच्या भुकटीत चष्मा घालत जा.

तुझी,
वहिनी

---

१६ मार्च

वहिनी,

या वेळी 'प्रिय' लिहीत नाही, राग आला आहे.

मी कवळ्या करते. गिऱ्हाईक येऊन म्हणालं, बाई, ही टोचते, तर मी ती काढून घेते, घासते, मेणावर पुन्हा बसवते. "तोंड बदलून या" असं सांगत नाही. आणि "शेजाऱ्याच्या तोंडात घाला म्हणजे तुम्हाला टोचणार नाही" असं तर माझ्या चाकावर बसलेली धूळसुद्धा सांगणार नाही. तुमच्या कंपनीने मात्र ते छापून पाठवलं, खाली 'आपले नम्र' लिहून!

जो नवखा बुडू नये म्हणून मी नदीवर उभी राहते, त्याच्याकडूनच वल्हं मागू? तो बिचारा कालच आलेला, माझ्यावर विश्वास ठेवून हसत देईल. आणि मग बसेल चिकटून. चोर सोडून संन्याशाला फाशी. नाही घेणार. इंजेक्शन रोज आपलं वल्हं देऊ करते. पेन्शनर म्हणून एक आजोबा आहेत, ते म्हणतात, "मला घरीही बसूनच राहायचं असतं, माझं घे." त्यांनाही नाही म्हटलं. ही अडचण माझ्यापाशीच थांबेल.

आणि दादाला माझा निरोप दे. नव्याने सुरुवात कर हे मला सांगू नकोस. लग्न मोडलं तेव्हा सगळ्यांनी हेच सांगितलं. घर सोडलं, नव्याने सुरुवात. ते गाव सोडलं, नव्याने सुरुवात. पहिली लॅब बंद पडली, मालक म्हणाला, "तुम्हाला काय, तुम्ही नव्याने सुरुवात कराल." ज्याने चूक केली त्याला कुणी कधी म्हटलं का हे? मी दर वेळी मुकाट्याने उठले आणि चालू लागले. सातगाव ही पहिली जागा जिथे मी टिकले. तिथे माणसं लांबून हात करतात, नावाडीणबाई, इकडे या म्हणतात. हे पात्र मी टाकणार नाही. हसायचं तर हस, वेड म्हणायचं तर म्हण. मी उठेन ती हक्काने उठेन, कुणाला बसवून नाही.

तूही त्यांच्यातलीच निघालीस याचं वाईट वाटलं.

नणंद

---

२ एप्रिल

प्रिय नणंदबाई,

तुझं पत्र पर्समध्ये घेऊन फिरते आहे. उत्तराला उशीर केला, कारण हातात काहीतरी घेऊन उत्तर द्यावं असं वाटत होतं. हातात काही आलं नाही.

आमच्या विभागाचे साहेब आहेत, त्यांना सगळे हिरवा म्हणतात. पडद्यावर लाल दिसलं की दाबून हिरवं करणं हेच त्यांचं काम. मी तुझी तक्रार नोंदवली. त्यांनी विचारलं, "किती लोकांना होतंय?" म्हटलं, थोड्यांना. "फार थोड्यांना," म्हणत त्यांनी ती बंद केली. मी पुन्हा उघडली, त्यांनी पुन्हा बंद केली. काल मला काचेच्या खोलीत बोलावून म्हणाले, "तुमचं कुणी खेळतं का तिथे?" मी म्हटलं, सगळे खेळणारे माझेच, मी चाचणी विभागात आहे. त्यांना ते आवडलं नाही.

आता जे लिहिते ते मला मागच्याच वेळी ठाऊक होतं, पण लपवलं. वाटलं, तू मुकाट वल्हं घेशील आणि प्रश्न मिटेल. तुला इतकी वर्षं ओळखूनही! पुढचा पॅच सव्वीस तारखेला येतो आहे. त्यात साफसफाई आहे. जी पात्रं जागची हलत नाहीत ती यंत्र आपोआप पुसून टाकणार. तुझं पात्र त्यात जाईल, आणि एकदा गेलं की परत आणता येत नाही. चूक दुरुस्त करण्यापेक्षा अडकलेले पुसून टाकणं स्वस्त पडतं.

म्हणून हात जोडून सांगते, पेन्शनर आजोबांचं घे, इंजेक्शनचं घे, कुणाचंही घे. मी त्यांच्यातली नाही गं. पण मी एकटी आहे.

तुझी,
वहिनी

---

८ एप्रिल

प्रिय वहिनी,

'प्रिय' परत लिहिलं आहे, बघ.

पुसणार काय? पुसू देत. पण पुसताना त्यांना माझं तोंड बघावं लागेल.

तुझं नाव कुठेही न घेता मी फक्त इतकंच सांगितलं की सव्वीस तारखेनंतर मी नसेन. इंजेक्शन तर दातओठ खात होती. पेन्शनर मात्र म्हणाले, "तुम्ही हलू शकत नाही ना? मग काठच तुमच्याकडे आणू." त्यांनी आपली नाव आणून माझ्या नावेला टेकवली. त्यांच्या नावेला इंजेक्शनने टेकवली. मग ज्यांना ज्यांना मी कधीकाळी पलीकडे सोडलं होतं ते सगळे यायला लागले, कुणी पाचव्या गावाचा मुखिया झालेला, कुणी सोन्याचं चिलखत घातलेला. चिलखतवाल्याने विचारलं, "ओळखलंत का? मी दोनदा बुडालो होतो." म्हटलं, तुला कसं विसरेन, बुडताना मलाच शिव्या देत होतास.

वहिनी, या काठापासून त्या काठापर्यंत नावाच नावा झाल्या आहेत. पूल झाला! नवखे आता चालत नदी ओलांडतात, आणि मधोमध मी बसलेली असते. प्रत्येकाला सांगते, पलीकडे जा, पण आपलं वल्हं सांभाळ, पॅच नीट होईपर्यंत कुणाला देऊ नकोस. हे सांगताना फार वाईट वाटतं. देऊ नकोस असं मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आता एक खरं सांग. तुझी नोकरी यात जाणार असेल तर आजच लिही. मी पात्र सोडून देईन, शपथेवर. माझा हट्ट माझ्या अंगावर, त्याचं ओझं तुझ्या डोक्यावर नको.

तुझी,
नणंद

---

१९ एप्रिल

प्रिय नणंदबाई,

माझी नोकरी मधे आणू नकोस. तू हट्ट सोडलास तर मी तुझ्याशी बोलणार नाही, आणि दादाच्या हातचा चहा प्यायला लावेन.

गंमत ऐक. तुमचा पूल थोरल्या साहेबांनी पाहिला. कंपनी त्यांची आहे, आणि त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही. ते इतके खूश झाले की नव्या पॅचच्या कार्यक्रमात तो पूलच दाखवायचा म्हणाले. हिरव्याने छाती पुढे काढून सांगितलं, "गर्दीचा अनुभव सुधारावा म्हणून आम्हीच केलं." कार्यक्रम पंचवीसला दुपारी, साफसफाई दुसऱ्या दिवशी. म्हणजे आधी मिरवायचं, मग पुसायचं.

मोठ्या पडद्यावर कंपनीचं स्वतःचं पात्र चालणार आहे, निळ्या सदऱ्याचं, जे सगळ्या जाहिरातींत असतं. चालवायला चाचणी विभागातलं कुणीतरी हवं आहे. मी हात वर केला.

निळा सदरा तुझ्या नावेत येऊन बसेल आणि वल्हं पुढे करेल. ते घे. इतरांना नाही म्हणालीस ते बरोबरच केलंस, पण हे नवख्याचं वल्हं नाही.

तुझी,
वहिनी

---

२८ एप्रिल

प्रिय वहिनी,

तू फोन उचलत नाहीस, दादा "ती झोपली आहे" म्हणतो. भर दुपारी? तू जन्मात कधी दुपारी झोपली आहेस?

इथलं सांगते. पंचवीसला मी लॅबमधून सुट्टी घेतली. मालकीण म्हणाली, "कुणाचं लग्न आहे का?" म्हटलं, नाही, माझी सुटका आहे. पुलावर पाय ठेवायला जागा नव्हती. निळा सदरा आला तेव्हा लोक ओरडायला लागले, कंपनीचा माणूस, कंपनीचा माणूस. चिलखतवाला तर त्याला ढकलायला निघाला होता, मीच थांबवलं.

तो माझ्यासमोर बसला आणि वल्हं पुढे केलं. आणि ठरलेलं असूनही माझा हात पुढे होईना. इतके दिवस सगळ्यांना नाही म्हटलं होतं ना. वाटलं, पलीकडे तू बसली आहेस, हे घेतलं की अडकणार तूच. तेवढ्यात निळ्या सदऱ्याने लिहिलं, "घ्या नणंदबाई, हात दुखायला लागला." पुलावरच्या कुणाला काही कळलं नाही. मला हसूही आलं आणि रडूही आलं.

घेतलं. उठले. वहिनी, मी उठले! पूल नुसता नाचत होता. पेन्शनर म्हणाले, "तुम्ही इतक्या उंच आहात हे विसरलोच होतो."

निळा सदरा तसाच बसून राहिला. मग त्या पुलावर एकेक अनोळखी पात्र उगवायला लागलं आणि काहीतरी भलतंच चाललं होतं. दुसऱ्या दिवशी सव्वीस तारीख आली आणि गेली, कुणीच पुसलं गेलं नाही. तिकडे काय झालं? तू बरी आहेस ना? लिही, नाहीतर मी सरळ येऊन दाराशी बसेन. बसून राहण्याची मला सवय आहे.

तुझी,
नणंद

---

९ मे

प्रिय नणंदबाई,

झोपले नव्हते. काय सांगायचं ते सुचत नव्हतं. आता ऐक.

तू उठलीस आणि सभागृहात टाळ्या पडल्या. मोठ्या पडद्यावर नदीभर लोक नाचत होते, थोरले साहेबही टाळ्या वाजवत होते. मग ते म्हणाले, "आता आपल्याला पलीकडे न्या." मी म्हटलं, नेता येत नाही, आपण अडकलो. मग माईकवरच शांतपणे सगळं सांगितलं, थरथर, हात, वल्हं, साफसफाई, सगळं. हा कार्यक्रम घरोघरी दिसत होता हे मला माहीत होतं.

साहेबांनी हिरव्याला विचारलं, "किती लोकांना हा त्रास आहे?" हिरवा सवयीने म्हणाला, "फार थोड्यांना." साहेबांनी पडद्यावरच्या निळ्या सदऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "त्या थोड्यांत आता मी आहे ना?"

मग खरी मजा. हिरवा म्हणाला, उपाय आहे, आणि आपल्या लॅपटॉपवरून स्वतःचं पात्र घेऊन धावला. त्याने वल्हं दिलं, निळा सदरा सुटला, हिरवा अडकला. हिरव्याला सोडवायला जाहिरात विभागाच्या बाई गेल्या, त्या अडकल्या. त्यांना सोडवायला हिशेब विभागाचे गेले. पहिल्या रांगेतला प्रत्येक जण एकेकदा त्या फळीवर चिकटला आणि आपली अडचण शेजाऱ्याच्या गळ्यात बांधून पळाला. त्यांनी तुला पाठवलेला उपाय त्यांनीच, साऱ्या जगासमोर, शेवटपर्यंत करून दाखवला. शेवटी द्यायला कुणी उरलं नाही. हिशेबवाले कालपर्यंत तिथेच असणार, भेटले तर नमस्कार सांग.

साफसफाई त्याच संध्याकाळी रद्द झाली. आणि मला दुसऱ्या दिवशी काढलं. "खेळाडूशी संपर्क ठेवला" असा ठपका होता. मी विचारलं, कसा? फोनवर? मेलवर? त्यांनी सगळं तपासलं, त्यांना काहीच सापडेना. मग "ठरल्यापेक्षा वेगळं चालवलं" असं लिहिलं. मी म्हटलं, हे खरं आहे, द्या इकडे, सही करते. माझी खुर्ची, माझा मग आणि माझा पंखा होता. पंखा आणि मग घेऊन जिना उतरले. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण मान खाली गेली नाही.

दादा तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आता नव्याने..." आणि माझ्याकडे बघून तिथेच थांबला. मग चहा करून आणला. भयंकर होता, पण मी सगळा प्यायले.

आज पॅच आला. त्याच्यासोबतच्या सूचनेत सर्वांत खाली एक ओळ आहे: 'नावेत वल्हं दुसऱ्याला दिल्यावर उठता येत नसे, ती चूक दुरुस्त केली.' कुणी केली, कुणामुळे केली, काही नाही. मी ती ओळ दादाला मोठ्याने वाचायला लावली.

आणि एक. आता मला कुणाचा नियम लागू नाही, म्हणून मी स्वतःचं पात्र काढलं आहे. सातगाव वर्षानुवर्षं तपासलं, खेळले कधीच नाही. सकाळी नदीत उतरले आणि बुडाले. नंतर पुन्हा उतरले, तर पुन्हा बुडाले. आता पहिल्या गावाच्या काठावर ओल्या कपड्यांनी उभी आहे, आणि वल्हं कसं धरायचं तेही मला कळत नाही.

तुझी,
वहिनी

---

१२ मे

प्रिय वहिनी,

नोकरीचं वाचून लॅबमध्ये रडले. मालकिणीला वाटलं भुकटी डोळ्यांत गेली. तुझ्या कंपनीचे दात तुझ्याच हाताने तिच्या घशात गेले, माझी वहिनी म्हणून मी ते सगळ्या गावाला सांगणार आहे. कुठे काम बघायचं ते आपण दोघी मिळून बघू, त्याची चिंता करू नकोस. तुझ्यासारखीला घालवून त्यांनी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला आहे.

बाकी बोलणं नावेत होईल. काठावरून हलू नकोस, पाण्यात तर मुळीच उतरू नकोस. पलीकडे पोचत आलो की मी वल्हं तुझ्या हातात देईन आणि शेवटचे चार हात तुलाच मारायचे आहेत. पळून गेलीस तरी चालेल.

ये. मी उभी आहे.

तुझी,
नावाडीण